दवाखान्यातलं जुनं चित्र: 'द डॉक्टर'मधली ती आई रडतेय का? आणि पोरगं वाचतं का?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा, कारण मला खरंच उत्तर हवंय.

आमच्या गावात, अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठी, एक जुना दवाखाना होता. माझे वडील, नाना, तिथं कंपाउंडर. तीस वर्षं त्यांनी मिश्चरच्या बाटल्या भरल्या आणि त्यांच्यावर डोसाच्या खाचा पाडलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. डॉक्टरकाका गेले, मुलं बाहेरगावी, मागच्या महिन्यात जागा विकली तेव्हा त्यांच्या सूनबाईंचा फोन आला की भाऊ, नानांची आठवण म्हणून काही न्यायचं असलं तर घेऊन जा. मी बाकी कशाला हात लावला नाही, तपासायच्या टेबलावर टांगलेलं चित्र तेवढं काढून आणलं. ल्यूक फिल्ड्स ह्या इंग्रज चित्रकाराच्या 'द डॉक्टर'ची (१८९१) छापील प्रत.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलं असेल. कष्टकरी माणसाच्या घराची खोली, रात्रीची वेळ. दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडून त्यावर उशा टाकून पोर निजवलंय, त्याचा एक हात बाजूला पसरलेला. शेजारी दाढीवाला डॉक्टर हनुवटीला हात लावून एकटक त्याच्याकडे बघतोय, टेबलावरच्या दिव्याचा उजेड ह्या दोघांवर. आईबाप मागे उजव्या बाजूला, अंधारात. आईने टेबलावर डोकं टाकलंय, बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे.

लहानपणी नानांचा डबा घेऊन जायचो तेव्हा बाकावर बसून हेच बघायचो आणि मला पक्कं वाटायचं की ते पोर मेलेलं आहे. आई रडतेय म्हणजे मेलंच असणार. मग १९७९ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ आजारी पडला, चार वर्षांचा होता, न्यूमोनिया. डॉक्टरकाका रात्रभर आमच्या घरी होते, दर सहा तासाला पेनिसिलिन, नाना चुलीवर काचेची सिरिंज उकळून देत होते, आणि मी गोधडीतून बघत होतो तर सगळं हुबेहूब त्या चित्रासारखं दिसत होतं, कंदील तसाच, काका तसेच वाकलेले. मला वाटलं झालं, आता भाऊ पण जाणार. भाऊ वाचला, आता नाशकात असतो, पण चित्राची भीती काही गेली नाही.

आता घरी लावलंय तर माझी मुलगी, नववीतली, रोज विचारते. पप्पा हे बाळ वाचतं का, ह्या बाईला काय झालंय, आणि डॉक्टर काहीच का करत नाहीये, नुसता बघत का बसलाय. मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. कुणी चित्रकलेतलं जाणकार असेल तर सांगा, हे चित्र वाचायचं कसं?

केळीचं_पान

रावेरला आमच्या डॉक्टरांकडे पण हेच होतं! कॅलेंडरवर. मला वाटायचं परदेशातल्या कुठल्या देवमाणसाचा फोटो आहे. जाणकारांची वाट बघतोय.

खडू_फळा

भाऊ, मी धुळ्याला ड्रॉइंग टीचर आहे, एकवीस वर्षं झाली. हे चित्र मी मुलांना दाखवतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी चित्रकाराबद्दल, कारण त्याशिवाय चित्र अर्धंच कळतं. फिल्ड्स लिव्हरपूलचा, जन्म १८४३. त्याला सांभाळलं त्याच्या आजीने आणि ही आजी साधी नव्हती. १८१९ मध्ये मँचेस्टरला मतदानाच्या हक्कासाठी जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं, पीटरलू म्हणतात त्याला, त्या दिवशी व्यासपीठावर असलेल्या बायकांच्या पुढारी म्हणजे ह्या मेरी फिल्ड्स. अशा बाईच्या हाताखाली वाढलेला पोरगा पुढे लंडनला 'ग्राफिक' नावाच्या साप्ताहिकात चित्रं काढायला लागला, १८६९ चा डिसेंबर, पहिल्याच अंकात त्याचं चित्र होतं, थंडीत रात्रीच्या आसऱ्यासाठी रांगेत उभे असलेले बेघर लोक. तेच पुढे १८७४ ला त्याने मोठ्या कॅनव्हासवर रंगवलं. म्हणजे गरिबाचं घर, गरिबाची रांग हा त्याचा आधीपासूनचा विषय, 'द डॉक्टर' अचानक आकाशातून पडलेलं नाही. त्या रांगेसाठी तो खऱ्याखुऱ्या गरजू माणसांना मॉडेल म्हणून बोलवायचा, त्यातला एक दांडगट माणूस आपल्या पोराला किती मायेने सांभाळतो हे बघून त्याने १८७६ ला 'द विडोअर' केलं, बायको गेलेला मजूर बाप आजारी लेकराला मांडीवर घेऊन बसलाय असं. ते पण शोधून बघा, ह्या चित्राचं थोरलं भावंडच आहे ते.

आता खरी गोष्ट. १८७७ च्या नाताळच्या सकाळी फिल्ड्सचा स्वतःचा थोरला मुलगा गेला, फिलिप, तान्हंच लेकरू म्हणायचं. त्या आजारपणात डॉक्टर मरे म्हणून जे घरी येत होते त्यांनी ज्या आस्थेने लेकराकडे बघितलं ते फिल्ड्सच्या मनात राहिलं. दहा वर्षांनी साखरेचे व्यापारी हेन्री टेट त्यांना म्हणाले की आमच्यासाठी मोठं चित्र करा, विषय तुमच्या मनाचा, तेव्हा त्याने हा विषय निवडला. राजाराणीचा नाही, लढाईचा नाही. चित्र केवढं आहे माहितीय का, साडेपाच फूट उंच आणि रुंदीला जवळजवळ आठ फूट! त्या काळी एवढा कॅनव्हास इतिहासपुराणातल्या प्रसंगांना द्यायचे.

मुलांना मी नजरा बघायला सांगतो. बाप डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतोय. पोराकडे नाही, डॉक्टरकडे. डॉक्टर पोराकडे बघतोय. पोराचे डोळे मिटलेले. आईची नजर तर दिसतच नाही. म्हणजे आपण चित्रात उजवीकडून शिरलो तरी बाप आपल्याला डॉक्टरकडे ढकलतो आणि डॉक्टर पोराकडे. मग तिथंच थांबावं लागतं, कारण पोर काही सांगत नाही. दिव्याचं शेड बघा, ते मुद्दाम तिरकं केलंय, उजेड पोरावर पडावा म्हणून कुणीतरी घरातल्याने ते तसं वळवलंय. मला ती तिरकी शेड फार आवडते. आपण पण आजारी माणसाकडे कंदील असाच सरकवतो ना?

आणि एक, ही खोली खरी नाही. चित्रकाराचं लंडनचं घर मोठं होतं, त्यातल्या स्टुडिओत त्याने झोपडीची अख्खी खोली उभी केली, तुळया, भिंती, खिडकी सगळं, मग तिच्यात माणसं बसवून उजेड जुळवला. ह्यात फसवणूक वाटून घेऊ नका. आपल्या चाळीसगावचे केकी मूस सुद्धा स्टेशनजवळच्या घरात टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड लावून असे देखावे उभे करायचे की फोटो बघणाऱ्याला तो खराच प्रदेश वाटावा. मांडलेलं म्हणजे खोटं असं नसतं.

सातपुडा_सिस्टर

मी चित्रातलं काही समजत नाही पण धडगावकडे बावीस वर्षं नर्सिंग केलंय तर तुमच्या मुलीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. डॉक्टर काहीच का करत नाहीये? कारण करण्यासारखं त्याच्या हातात काही नाही ना. १८९१ म्हणताय. पेनिसिलिन सापडलं १९२८ ला आणि पेशंटपर्यंत पोचलं १९४० नंतर. घटसर्पाच्या विषावरचा उतारा, अँटिटॉक्सिन, सर्रास टोचायला सुरुवात झाली ती पण ह्या चित्रानंतर दोनतीन वर्षांनी. टीबीचा जंतू कॉखने १८८२ ला दाखवला होता पण दाखवला म्हणजे मारता आला असं नाही. मग डॉक्टरने करायचं काय, ताप बघायचा, नाडी बघायची, पाणी पाजायचं, अंग पुसायचं आणि बसायचं. खोलीत बघा नीट, बाटली अर्धी संपलीय, कप चमचा आहे, बाकावर पाण्याचं भांडं आणि जग आहे. म्हणजे औषध देऊन झालंय, पुसून पण झालंय, आता फक्त वाट बघणं राहिलंय. त्याच्या हातात स्टेथोस्कोप पण नाही.

न्यूमोनियात पूर्वी जुने लोक 'क्रायसिस' म्हणायचे, सात ते दहा दिवस ताप नुसता जळत राहायचा आणि मग एका रात्रीत फैसला, घाम फुटून ताप खाली यायचा नाहीतर पेशंट जायचा. आता आम्हाला ते दिसत नाही कारण आधीच इंजेक्शन जातं. चित्रातल्या पोराला काय झालंय ते चित्रकाराने सांगितलेलं नसेल पण डॉक्टर ज्या तऱ्हेने बसलाय ना, ती फैसल्याची वाट बघत बसलेल्या माणसाची बैठक आहे. मी स्वतः तशी बसलेय. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की गाडी येत नाही, रेफर करून उपयोग नाही, मग सलाईन लावून रात्रभर श्वास मोजत बसायचं. त्याला नुसतं बघणं म्हणू नका भाऊ. मुलीला सांगा, तो मोजतोय.

आणि आई रडतेय असं तुम्ही सगळे इतकं खात्रीने का म्हणताय? मी शेकडो आया बघितल्यात. पोर सिरीयस असतं तेव्हा आई रडत नाही हो, ती डोळे फाडून बघत बसते, तिला हात लावला तरी कळत नाही. रडते कधी, तर डॉक्टरने 'आता बरं आहे' म्हटल्यावर. तेव्हा पाय जातात तिचे.

गिरणाकाठ

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. हे चित्र कुणाचं आहे? नाव 'द डॉक्टर'. घर मजुराचं, पोर मजुराचं, दुःख मजुराचं आणि उजेड डॉक्टरवर! बाप बिचारा अंधारात उभा, आईला तर चेहराच दिलेला नाही. स्वतः फिल्ड्सने म्हटलं होतं की आपल्या काळातल्या डॉक्टरचं स्थान नोंदवून ठेवायचंय. मग मजुराचं स्थान कुणी नोंदवायचं?

आणि पैशाचं बघा. टेटसाहेबांनी ह्या चित्राचे ३,००० पौंड दिले. इंग्लंडच्या शेतमजुराला तेव्हा आठवड्याला साधारण १५ शिलिंग मिळायचे, म्हणजे वर्षाचे ४० पौंड सुद्धा नाही. चित्रातल्यासारख्या बापाने पाऊणशे वर्षं राबून जेवढं कमावलं असतं तेवढ्याला त्याच्या दुःखाचं चित्र विकलं गेलं. अशा घरात रात्रभर बसणाऱ्या डॉक्टरची फी कोण देणार होतं? तिकडच्या गरिबाला एकतर गरिबांसाठी नेमलेल्या पॅरिशच्या डॉक्टरकडे हात पसरावे लागायचे नाहीतर मजुरांच्या वर्गणीच्या मंडळातून उपचार मिळायचे, कामगारांचा सरकारी विमा आला तो थेट १९११ च्या कायद्याने. चित्रात ह्यातलं काही नाही. सगळं कसं एका भल्या माणसाच्या मनाच्या मोठेपणावर.

पुढे ह्याचा वापर कसा झाला ते पण ऐका. अमेरिकेत १९४७ ला डॉक्टरांच्या सन्मानार्थ ह्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. ठीक आहे. पण १९४९ ला जेव्हा तिथल्या सरकारने सगळ्यांसाठी आरोग्य विम्याची योजना आणायचं ठरवलं तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने हेच चित्र पोस्टरवर छापून लिहिलं की ह्या चित्रात राजकारण आणू नका. गरिबाचं पोर दाखवून गरिबाच्या विम्याला विरोध! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

माझ्या मते त्या काळचं खरं मजुराचं चित्र बघायचं असेल तर ह्युबर्ट हरकोमरचं 'हार्ड टाइम्स' बघा, १८८५ चं, मँचेस्टरला आहे. हरकोमर पण त्याच 'ग्राफिक'मधून आलेला. रस्त्याच्या कडेला काम सुटलेला मजूर फाटकाला टेकून उभा आहे, लांब बघतोय, बायको खाली मातीत बसलीय, अंगावर लेकरू, दुसरं तिच्यावर रेलून झोपलंय, शेजारी अवजारांचं गाठोडं. वळण घेत गेलेला रिकामा रस्ता. डॉक्टर नाही, मालक नाही, कुणीच येणार नाही. दिवाळीनंतर नंदुरबार, नवापूरच्या रस्त्याला जा, बारडोलीकडे ऊसतोडीला निघालेली कुटुंबं हुबेहूब अशीच बसलेली दिसतात, कोयते बांधलेले, भांडी पोत्यात, पोरं पोत्यावर. आणि टेटसाहेबांचा पैसा कशातून आला होता, तर साखरेतून. मला हा योगायोग विसरता येत नाही.

खडू_फळा

गिरणाकाठ भाऊ, पैशाचं आणि पोस्टरचं म्हणणं मान्य, एक शब्द बदलणार नाही. 'हार्ड टाइम्स' मलाही जास्त धीट वाटतं. पण चित्रकाराला एकट्याला दोष देऊ नका, फिल्ड्स वारला १९२७ ला, पोस्टर निघालं १९४९ ला. आणि बापाला अंधारात ठेवलंय म्हणून कमी लेखलंय असं मला वाटत नाही. अख्ख्या चित्रात दुसऱ्या माणसाला आधार देणारा हात त्या एकट्याचा आहे. डॉक्टरचा हात स्वतःच्याच हनुवटीला आहे. बापाचा बायकोच्या खांद्यावर. इतक्या वर्षांत हे मला पण आता लिहिताना लक्षात आलं.

सिस्टरताई, तुम्ही जे लिहिलंत त्याने मी हललो, कारण चित्रकाराचं स्वतःचं म्हणणं जवळजवळ तेच आहे. फिल्ड्सने लिहून ठेवलंय की खिडकीतून पहाट आत यायला लागलीय, जीवघेण्या आजारात पहाटेचीच वेळ निर्णायक असते, आणि त्या उजेडाबरोबर आईबापांच्या मनात पुन्हा आशा आलीय. आई तोंड लपवतेय ती भावना बाहेर पडू नये म्हणून, आणि बाप तिच्या खांद्यावर हात ठेवतोय तो येऊ घातलेल्या आनंदाची पहिली चाहूल म्हणून! म्हणजे पोर वाचतं. त्याचं स्वतःचं वाचलं नव्हतं, चित्रातलं वाचवलंय.

पण मग प्रश्न उरतोच ना, की चित्रकाराने आशा रंगवली असेल तर आपल्याला सगळ्यांना मरण का दिसतं. ह्याचं उत्तर मला अजिंठ्याला मिळालं. मी दरवर्षी आठवीची सहल फर्दापूरमार्गे नेतो. सोळाव्या लेण्यात एक प्रसिद्ध चित्र आहे, एक राणी मान टाकून कोसळलीय, दासी तिला सावरतायत, कुणी वारा घालतंय. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कला शाळेतले विद्यार्थी घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करत होता, त्याने ह्या चित्राची इतकी तारीफ केली की गोष्ट सांगण्यात जगात ह्याच्या पुढे काही नाही असं म्हटलं. आणि चित्राला नाव पडलं 'मरणासन्न राजकन्या'. गाईड आजही तेच सांगतात. पण ती मरत नाहीये! ती नंदाची बायको सुंदरी. बुद्धाचा भाऊ नंद भिक्षू झाला आणि सेवक त्याचा मुकुट परत घेऊन आलाय, तो बघून ती कोसळलीय. मुकुट हातात घेतलेला माणूस तिथं चित्रातच आहे, पण मान टाकलेली बाई दिसली की बघणाऱ्याचे डोळे दुसरीकडे जातच नाहीत. ग्रिफिथ्स आणि फिल्ड्स एकाच काळातले ब्रिटिश, त्या लोकांना मरणशय्येची चित्रं बघायची फार सवय होती. आणि आपल्याला घरात बघितलेल्या मरणांची.

म्हणून मी पोरांना म्हणतो, मान टाकलेल्या बाईकडे शेवटी बघा. आधी खोलीत दुसरं काय काय आहे ते बघा. भाऊ, तुमच्या चित्रात मागे उजवीकडे खिडकी आहे, तिच्यात फिकट निळसर उजेड आहे. दिव्याचा पिवळा वेगळा आणि हा वेगळा. मुलीला तो दाखवा आणि विचारा किती वाजले असतील.

बोरीकाठ

सर, सिस्टरताई, गिरणाकाठ भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. पण मी आत्ता उठून बघून आलो आणि माझे हातपाय गार पडलेत. माझ्या चित्रात खिडकीच नाहीये.

म्हणजे असेल, पण दिसत नाही. दवाखान्याची ती भिंत मोरीला लागून होती, दर पावसाळ्यात ओल यायची, आणि चित्राची उजवी बाजू पूर्ण काळपट तपकिरी पडलीय. आईबाप अंधुक दिसतात, त्यांच्या मागे नुसता डाग. मी सात वर्षांचा असल्यापासून हे चित्र बघतोय आणि त्यातली पहाट मी कधी पाहिलीच नव्हती. दिवा, पोर, डॉक्टर आणि काळोख, एवढंच चित्र होतं माझं. मग मरणच दिसणार ना!

मुलीने लगेच मोबाईलवर लंडनच्या टेट गॅलरीच्या साइटवरून मोठं करून काढलं. आहे खिडकी. आहे उजेड. दोघं बराच वेळ बघत बसलो. ती म्हणाली पप्पा, साडेपाच.

गिरणाकाठ भाऊ, तुमचं वाचून मला नाना आठवले. त्या रात्री ते बापाच्या जागी नव्हतेच, ते डॉक्टरच्या बाजूला होते, सिरिंज उकळत, घड्याळ बघत, काकांना 'साहेब दोन वाजले' सांगत. स्वतःच्या पोराला टोचायची सुई स्वतः उकळायची आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. त्यांचा पगार किती होता ते मला माहितीय, तो मी इथं लिहीत नाही. काकांनी त्या रात्रीचे पैसे घेतले नव्हते हे पण खरं आणि नानांनी पगारवाढ कधी मागितली नाही हे पण खरं, आता ही दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत असं मला पहिल्यांदा वाटतंय.

सातपुडा_सिस्टर

भाऊ, तुमच्या आई आहेत का? त्यांना दाखवा ना चित्र. त्या रात्री त्या तिथं होत्या.

गिरणाकाठ

नानांबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. कंपाउंडरला कुठल्या चित्रात जागा मिळालेली मी तरी बघितली नाही.

बोरीकाठ

ताई, आई आहे, अठ्ठ्याहत्तर पूर्ण. तुमचं वाचून काल संध्याकाळी तिला दाखवलं. घरी आणल्यापासून तिने चित्राकडे धड पाहिलेलं नव्हतं, दवाखान्याची वस्तू म्हणून दूरच होती. मोबाईल तिच्या हातात दिला, चष्मा दिला. आधी तिने खुर्च्या बघितल्या आणि म्हणाली पोराला बाजेवर का नाही निजवलं, मग स्वतःच म्हणाली, दिव्याजवळ घेतलं असेल. मग बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, ना चित्रकार काय म्हणाला ते, ना तुम्ही काय म्हणालात ते. नुसतं विचारलं, ही बाई रडतेय का गं?

ती अहिराणीत म्हणाली, "रडी नई ऱ्हायनी रे. जप लागी गयी तिले."

झोप लागलीय म्हणे. तीन रात्री बसलेली बाई, टेबलावर डोकं टेकलं आणि लागली. मग तिनेच सांगितलं की त्या रात्री तिचं पण असंच झालं होतं, पहाटे भिंतीला टेकून डोळा लागला, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की पोर मरणाच्या दारात आणि आई झोपली, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं. मला पण काल पहिल्यांदा कळलं.

मग मी विचारलं की बापाने खांद्यावर हात कशाला ठेवलाय. तर तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. म्हणाली, "तो तिले उठाडी ऱ्हायना. ऊठ म्हने, पोऱ्याले घाम उना."